योनिस्रावाची तपासणी आणि उपचार : या चुका टाळा

तालुक्याच्या गावांतून आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या तपासणीच्या फॉर्मवर 'व्हजायनल स्वॅब, कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी' (म्हणजे योनिस्रावातील जंतू वाढवून त्यांच्यावर कोणते प्रतिजैविक चालते ते पाहा) ही ओळ इतक्या सरावाने लिहिलेली असते, की लिहिणाऱ्याने बाईला नेमके काय होते आहे हे विचारले होते की नाही, याचीच शंका यावी. धुपणीची, म्हणजे अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला खाज आहे की वास आहे, स्राव दह्याच्या चोथ्यासारखा आहे की पातळ आणि करडा आहे, याचा उल्लेख त्या फॉर्मवर क्वचितच सापडतो. पुढे दिलेल्या चुका नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञ आणि घाईत असलेले डॉक्टर वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यांतील पहिली चूक रुग्णाला सर्वांत महाग पडते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

एकाच जंतूच्या मागे लागणे

बॅक्टेरियल व्हजायनोसिस हा कोणा एका जंतूचा आजार नाही. निरोगी योनिमार्गात बहुधा लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बहुमत असते. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली योनीच्या पेशींत ग्लायकोजेन साठते, त्याचे विघटन होऊन जी शर्करा मिळते तिच्यावर हे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तेथील सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि इतर जिवाणूंना डोके वर काढता येत नाही. हे बहुमत कोसळले की गार्डनरेला, प्रिव्होटेला, मोबिलुंकस, पूर्वी अ‍ॅटोपोबियम म्हणून ओळखला जाणारा फॅनीहेसिया असे अनेक जिवाणू एकाच वेळी वाढतात, आणि ते केवळ शेजारी म्हणून राहत नाहीत. गार्डनरेला पेशींवर चिकटून थर उभारतो, त्या थरात ऑक्सिजन कमी पडतो आणि ऑक्सिजन न सोसणाऱ्यांची सोय होते. प्रिव्होटेला बिव्हिया अमोनिया सोडतो आणि गार्डनरेला तो वापरतो. उलट गार्डनरेलाच्या वाढीतून सुटलेली अमिनो आम्ले प्रिव्होटेलाच्या कामी येतात. दोघांचीही सियालिडेज विकरे श्लेष्माचे रक्षक आवरण तोडतात. यांपैकी काही जिवाणू पुट्रेसिन, कॅडाव्हरिन, ट्रायमिथाइलअमीन यांसारखी अमाइने तयार करतात. मासळीसारखा वास येतो तो त्यांचाच, आणि सामू वर नेऊन लॅक्टोबॅसिलसचे परतणे अवघड करण्यातही त्यांचा वाटा असतो.

हे नवे ज्ञान आहे अशी सबब सांगता येणार नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि ड्यूक्स यांनी गार्डनरेला हा जंतू या आजाराचे कारण म्हणून मांडला, तेव्हा त्यांनी, आजच्या नीतिनियमांत मुळीच बसणार नाही अशा प्रयोगात, निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात त्याचे शुद्ध कल्चर सोडले. १३ जणींपैकी एकीलाच आजार झाला. आजारी स्त्रियांचा स्राव जसाच्या तसा दिला तेव्हा मात्र १५ पैकी ११ जणी आजारी पडल्या. एकटा जंतू पुरत नाही, सगळी टोळी लागते, हे त्यांच्या स्वतःच्याच आकड्यांत लिहिलेले होते.

आता कल्चरकडे पाहा. साध्या हवेत, ब्लड अगार आणि मॅकाँकी अगारच्या प्लेटवर, रात्रभरात जे वाढते तेच रिपोर्टवर येते. प्रिव्होटेला आणि मोबिलुंकस अशा प्लेटवर वाढत नाहीत. गुदद्वार जवळ असल्याने योनिमार्गात वस्तीला आलेला ई. कोलाय मात्र सकाळपर्यंत ठळकपणे उगवतो. रिपोर्टवर त्याचे नाव, खाली प्रतिजैविकांची लांबलचक यादी, आणि डॉक्टरांचे पेन त्या यादीवर. गार्डनरेला मुद्दाम वाढवला तरी निदान होत नाही, कारण तो तक्रार नसलेल्या अनेक स्त्रियांतही सापडतो.

परभणीकडच्या एका शिक्षिकेची फाइल मला विसरता येत नाही. तिच्यात वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे कल्चर रिपोर्ट ओळीने लावलेले होते, प्रत्येकावर ई. कोलाय होता, आणि प्रत्येक रिपोर्टपाठोपाठ नवे प्रतिजैविक होते : आधी सेफिक्झिमच्या गोळ्या, मग अमिकॅसिनची इंजेक्शने, मग आणखी काही. यांपैकी एकही औषध व्हजायनोसिसच्या टोळीसाठी नव्हते. शेवटी शेवटी तिला खाजही सुटली होती, कारण एवढ्या प्रतिजैविकांनंतर कँडिडा बुरशीला मोकळे रान मिळाले होते. "मॅडम, इंजेक्शनं बदलली, डॉक्टर बदलले, पण वास काही जाईना गेला," असे तिने खाली मान घालून सांगितले. वर्गात मुलांच्या जवळ उभे राहण्याचे तिने सोडून दिले होते. तिच्या साध्या ग्रॅम स्टेनच्या (जिवाणूंना जांभळा किंवा गुलाबी रंग देणाऱ्या पद्धतीच्या) स्लाइडवर सगळे स्वच्छ दिसत होते : क्लू सेल्स, म्हणजे जिवाणूंनी कडा झाकल्या गेलेल्या योनीच्या पेशी, बाकदार मोबिलुंकस, कँडिडाचे तंतू, लॅक्टोबॅसिलस जवळजवळ नाहीत, पू-पेशी अगदी थोड्या. त्या फाइलमधील कोणीही ती स्लाइड पाहिलेली नव्हती. बुरशीवरील औषध आणि मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, एवढ्यावर खाज आणि वास दोन्ही गेले.

म्हणून माझी सवय अशी आहे, की कल्चरची मागणी आली तरी स्लाइड आधी पाहायची आणि व्हजायनोसिसचे चित्र असेल तर ई. कोलायची सेन्सिटिव्हिटी छापायचीच नाही. काही डॉक्टर यावर चिडतात. वारंवार होणाऱ्या कँडिडा संसर्गात, गरोदरपणी ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस शोधताना, किंवा स्लाइडवर पू-पेशींची गर्दी असताना कल्चर अवश्य करावे, त्याला माझी हरकत नाही.

स्टेन करताना रंग धुऊन टाकणे

स्लाइड पाहा असे सांगितले की पुढची चूक स्लाइडवरच होते. ग्रॅम स्टेनमध्ये अ‍ॅसिटोन जास्त वेळ राहिले, तर जांभळे दिसायला हवे असलेले लॅक्टोबॅसिलस गुलाबी दिसतात आणि निरोगी बाईचा न्यूजंट गुण (स्लाइडवरील जिवाणू मोजून व्हजायनोसिससाठी दिलेला आकडा) विनाकारण चढतो. १९९१ पासून रूढ असलेल्या या पद्धतीत लॅक्टोबॅसिलस जितके कमी तितके गुण जास्त, त्यात गार्डनरेला-बॅक्टेरॉइडीस आकाराचे आणि मोबिलुंकस आकाराचे जिवाणू यांचे गुण मिळवायचे असतात. ० ते ३ सामान्य, ४ ते ६ मधली अवस्था, ७ ते १० व्हजायनोसिस. म्हणजे सारा निकाल दोन रंगांवर उभा आहे, आणि नवा तंत्रज्ञ एका हाताने अ‍ॅसिटोन ओतत दुसऱ्या हाताने फोन पाहत असतो. लॅक्टोबॅसिलस इनर्स ही जात तर मुळातच आखूड असते आणि रंग नीट धरत नाही, तिथे घाईचा हात हमखास फसवतो.

मी प्रत्येक तुकडीत एक जादा स्लाइड ठेवते, जिच्यावर एका बाजूला स्टॅफिलोकॉकस आणि दुसऱ्या बाजूला ई. कोलाय असतो. पहिला जांभळा आणि दुसरा गुलाबी दिसला तरच त्या तुकडीचे रिपोर्ट बाहेर जातात. यात वेळ जातो अशी कुरकूर प्रत्येक नवा मुलगा करतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा रंग स्लाइडवरच सुकून त्याचे कण बसतात, आणि ते जिवाणू म्हणून मोजणारेही मी पाहिले आहेत. रंग गाळून घ्यावा आणि शेवटचे धुणे बोअरच्या क्षारट पाण्याने करू नये. गावाहून नमुना पाठवायचा असेल तर उन्हातून एसटीने कोरडा पडलेला स्वॅब पाठवण्यापेक्षा तिथेच स्लाइडवर पातळ थर पसरून, वाळवून पाठवावा. अशी स्लाइड प्रवास सहज सोसते.

सामू, वास आणि ओली स्लाइड

सामूच्या पट्टीला योनीच्या बाजूच्या भिंतीवरील स्राव लावावा. गर्भाशयमुखाचा चिकट स्राव, पाळीचे रक्त किंवा वीर्य लागले तर पट्टी उगाचच वरचा आकडा दाखवते. १९८३ च्या अ‍ॅमसेल निकषांत पातळ एकसारखा स्राव, ४.५ पेक्षा जास्त सामू, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर येणारा वास आणि क्लू सेल्स, अशा चारांपैकी तीन गोष्टी लागतात. एकट्या सामूवर निदान करणे हा आळस आहे. ट्रायकोमोनासमध्येही सामू चढतो, आणि तो परजीवी ओल्या स्लाइडवर हलताना दिसला तरच सहज ओळखू येतो. नमुना थंड पडला, चहा पिऊन आल्यावर पाहिला, की त्याची हालचाल थांबलेली असते.

अर्धवट उपचार

मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते, मळमळते, आणि वास दोन-तीन दिवसांत कमी झाला की गोळ्या कपाटात जातात. जिवाणूंचा तो थर एवढ्यात निघत नाही. एकाच दिवशी २ ग्रॅम मेट्रोनिडाझोल देऊन मोकळे होणेही तितकेसे परिणामकारक नसते. जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचे हिरवे किट, म्हणजे सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, ही समजूतदार सोय आहे. सूक्ष्मदर्शक टेबलावर असताना त्यावरचे कव्हर न काढता किट देणे ही सोय नव्हे.

पूर्ण सात दिवस गोळ्या घेऊनही अर्ध्याहून अधिक जणींना वर्षभरात हा त्रास पुन्हा होऊ शकतो. औषधाने खुरपणी होते, पण पीक आपोआप उभे राहीलच असे नाही, आणि मोकळ्या रानात तण आधी येते. त्या शिक्षिकेलाही काही महिन्यांनी वास पुन्हा जाणवला. पतीवर उपचार करून उपयोग नाही असे आम्हाला शिकवले गेले होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत मात्र पतीला सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि शिश्नावर लावण्यासाठी २ टक्के क्लिंडामायसिन क्रीम दिल्यावर १२ आठवड्यांतील पुनरागमन ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. ते जोडीदार एकमेकांशीच संबंध ठेवणारे होते, हे लक्षात ठेवून, वारंवार त्रास होणाऱ्या जोडप्यांना मी आता हे समजावून सांगते. अडचण गोळीची नसते, नवऱ्याला दवाखान्यात आणण्याची असते.

धुणे, दही आणि तुरटी

तुरटीचे पाणी, जंतुनाशक द्रावण, सुवासिक वॉश यांनी आतून धुतल्याने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात. दह्यातील जिवाणू वेगळ्या जातींचे असतात, ते योनिमार्गात घर करीत नाहीत. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरते.

धुपणीसाठी पिशवी काढणे

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. यांतील कितीतरी जणी अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, एवढ्याच तक्रारी घेऊन गेल्या होत्या. या लेखातील सारे जिवाणू योनिमार्गात राहतात. पिशवी काढल्याने ते जात नाहीत, आणि अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन आटते, ग्लायकोजेन कमी होते आणि लॅक्टोबॅसिलसचा आधारच सुटतो. कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचवणाऱ्याला आधी स्लाइड आणि पॅप स्मियर (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी) कुठे आहे, हे विचारावे.

थोडक्यात आणखी काही

पाळी गेलेल्या स्त्रीचा सामू इस्ट्रोजेनअभावी मुळातच चढलेला असतो, त्यावरून व्हजायनोसिस लिहू नये. गरोदर नसलेल्या आणि काहीही तक्रार नसलेल्या बाईचा गुण ७ आला म्हणून तिला गोळ्या देण्याची सहसा गरज नसते. आणि स्लाइडवर नाव मार्करने लिहू नये, अ‍ॅसिटोनने ती शाई पुसली जाते. काचेच्या खरबरीत कडेवर पेन्सिलने लिहावे.