मेडल मागू नका, पार्ट टू ऑर्डर मागा

माझा चुलतभाऊ फौजेत ड्रायव्हर होता, मी क्लर्क. दोघंही सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यातले. पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत झेंडावंदनाला आम्ही मेडलं लावून जातो. माझ्या छातीवर बघण्यासारखं काही नाही, सगळी नोकरी टेबलावर गेली. दादाचं तसं नाही. १९९९ च्या मे ते जुलैमध्ये तो कारगिलच्या लढाईत तोफखान्याच्या एका रेजिमेंटला अटॅच, म्हणजे आपलं युनिट सोडून तात्पुरता जोडलेला होता आणि झोजिला ओलांडून द्रासपर्यंत दारूगोळ्याच्या गाड्या नेत होता. तरी त्याच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकात, ऑप विजय मेडल आहे, प्रत्यक्ष लढाईच्या भागात असलेल्यांना मिळणारा ऑप विजय स्टार नाही. वीस वर्षं तो यावर एक शब्द बोलला नाही. मग एकदा चतुर्थीला, आरत्या आटोपल्यावर, पडवीत बसून म्हणाला, "माका मेडल नको रे. पण झील इचारता, बाबा, तू खराच थंय होतंस?"

त्यानंतर आम्ही कामाला लागलो. चौदा महिने गेले. त्यात जे कळलं आणि क्लर्क म्हणून जे आधीपासून ठाऊक होतं, ते मेडल राहून गेलेल्या माजी सैनिकांसाठी लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. शौर्य पदक वेगळं आणि मोहिमेचं मेडल वेगळं. वीरचक्र, सेना मेडल ही शिफारशीवर मिळतात. कमांडिंग ऑफिसरने त्या वेळी साइटेशन, म्हणजे शिफारसपत्र लिहिलं नसेल, तर पंचवीस वर्षांनी अर्ज करून ते मिळवता येईल या भ्रमात राहू नका. असे अर्ज घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. मोहिमेच्या आणि सेवेच्या मेडलांचं उलट आहे. तिथे अटी पुऱ्या केल्या की तो तुमचा हक्क, कुणाची मेहेरबानी नाही. १९६५ चा समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चा पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, सियाचीन ग्लेशियर मेडल, कारगिलचा स्टार आणि मेडल, संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर झालेल्या तैनातीचं ऑप पराक्रम मेडल, नऊ, वीस आणि तीस वर्षांची सेवा मेडलं. १५ ऑगस्ट १९९७ ला वर्दीत होतात ना? मग स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं मेडल तुमच्या नावावर असायलाच हवं. तपासणी तिथूनच सुरू करा, ती सगळ्यात सोपी.

आता ट्रंक उघडा. आपल्याकडे ती बहुतेक माळ्यावर असते आणि चार पावसाळ्यांत आतल्या कागदांना बुरशी तरी येते नाहीतर वाळवी तरी लागते. डिस्चार्ज बुक सावलीत वाळवा, प्रत्येक पानाचा फोटो काढा, झेरॉक्स करा. मूळ पुस्तक लॅमिनेट मात्र करू नका. एकदा प्लास्टिकमध्ये गेलं की कागद पुन्हा सुटा होत नाही आणि खरा-खोटा तपासणारा माणूस नाक मुरडतो.

मेडलांचं पान काढून बघा. तीनपैकी एक काहीतरी दिसेल. नोंद आहे पण मेडल हातात आलेलं नाही, हे सगळ्यात हलकं दुखणं. नोंद आहे पण नाव किंवा नंबर चुकला आहे, हे मधलं. आणि नोंदच नाही, हे खरं दुखणं. नोंद असताना मेडल न मिळालेले कितीतरी जण कॅम्पातल्या दुकानातून विकत घेऊन लावतात, मीही तेच केलं आहे. पण नोंद नसताना विकत घेतलेला स्टार म्हणजे नुसतं पितळ.

नोंद का राहते? फौजेत तुमच्या आयुष्यात जे जे घडतं, म्हणजे लग्न, मूल, बदली, भत्ता, मेडल, ते युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं. तो ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि तिथे तुमच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकावर चढतो. ऑर्डर निघाला नाही तर तुम्ही तोफेच्या तोंडाशी उभे असलात तरी कागदावर घरी होतात. आणि ऑर्डर राहतो तो बहुतेक वेळा अटॅचमेंटवर असलेल्या माणसाचा. मूळ युनिटला वाटतं, ज्यांच्याकडे आहे ते काढतील. ज्यांच्याकडे आहे त्यांना वाटतं, माणूस आपला नाही, त्याचं युनिट काढेल. ड्रायव्हर, सिग्नलवाले, नर्सिंग असिस्टंट, स्वयंपाकी हे सगळे या फटीत पडतात. लढाईच्या मध्येच जखमी होऊन हॉस्पिटलात गेलेलेसुद्धा. दादाचं हेच झालं होतं.

म्हणून "मला मेडल द्या" असं लिहू नका. त्याला "नोंदीनुसार आपण पात्र दिसत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर येतं आणि ते चूकही नसतं. आधी आपण कुठल्या तारखेला कुणाच्या हजेरीपटावर होतो, ते सिद्ध करा.

त्यासाठी तारखांचा कागद तयार करा. दादाला तारखा आठवत नव्हत्या, पण "लावणी संपली तेव्हा पत्र इला" हे आठवत होतं. तेवढंही चालतं, सुरुवात होते. मग पुरावे शोधायचे: मूव्हमेंट ऑर्डर, रजेचा दाखला, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. वहिनीने मात्र तांदळाच्या रिकाम्या डब्यात दादाची पत्रं ठेवली होती. पाठवणाऱ्याचा पत्ता अर्थातच '५६ एपीओ', हा फौजेच्या टपालाचा सगळ्यांना एकच पत्ता, त्यावरून जागा कळत नाही. पण शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते. शिक्क्याने एक गोष्ट ठरली, की त्या आठवड्यात तो मूळ युनिटच्या ठाण्यावर नव्हता.

खरा उपयोग झाला तो पैशांचा. फील्ड भत्ता, उंचावरचा भत्ता हेसुद्धा पार्ट टू ऑर्डर काढूनच मिळतात. मेडलचा ऑर्डर विसरणारं युनिट भत्त्याचा विसरत नाही, कारण भत्ता नाही आला तर जवान दुसऱ्याच महिन्यात ऑफिसच्या दारात उभा राहतो. त्या तीन महिन्यांत भत्ता मिळाला होता का, एवढंच मी दादाला विचारलं. तो म्हणाला, मिळाला होता, त्याच पैशांतून गोठ्याची कौलं फिरवली. म्हणजे कुठेतरी कागद होता.

तो कागद रेकॉर्ड ऑफिसात असतो. तुम्ही सात युनिटं फिरलात, राष्ट्रीय रायफल्सलाही जाऊन आलात, तरी तुमचं रेकॉर्ड ऑफिस एकच, तुमच्या मूळ रेजिमेंटचं किंवा कोअरचं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचं, सिकंदराबादला. बेळगाव आपल्याला आंबोली घाटातून जवळ, म्हणून बरेच जण सकाळची गाडी पकडून थेट जातात. जा, पण हातात पत्र आणि त्याची जादा प्रत घेऊनच, आणि प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परतीच्या गाडीत बसू नका.

पत्र एका पानाचं, हिंदीत. द्रासची थंडी, साहेबांची शाबासकी, यातलं काही नको. दादाच्या पत्राचा गाभा मराठीत असा होता:

"मी अमुक नंबर, हुद्दा, नाव. मे ते जुलै १९९९ या काळात माझ्या युनिटमधून तोफखान्याच्या अमुक रेजिमेंटला अटॅच होतो आणि द्रास भागात काम केलं. या काळासाठी माझ्या नावे ऑप विजय स्टारचा पार्ट टू ऑर्डर निघाला असल्यास त्याचा नंबर आणि तारीख कळवावी. निघाला नसल्यास सोबतच्या पुराव्यांवरून नोंद दुरुस्त करण्याची कार्यवाही करावी."

सोबत डिस्चार्ज बुकाची पानं, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र आणि आधार यांच्या प्रती. नाव डिस्चार्ज बुकात आहे तसंच लिहा, आधारवर वेगळं असलं तरी. मूळ कागद पाठवू नका. स्पीड पोस्टची पावती जपा आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन त्यांचं पुढे पाठवल्याचं पत्र घ्या. ते ऑफिस निर्णय देत नाही, पण त्यांच्या जावक क्रमांकाने फाइल पुढे सरकते.

दोन महिने वाट बघूनही काही न आल्यास माहितीचा अधिकार वापरा. आम्हाला तेच करावं लागलं. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, उत्तराला तीस दिवसांची मुदत. इथे लोक हमखास चुकतात: "मला मेडल का मिळालं नाही?" असा प्रश्न घालतात. 'का' ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, असलेला कागद देणं आहे. म्हणून प्रती मागायच्या: माझ्या शीट रोलची प्रत, एप्रिल ते ऑगस्ट १९९९ मधल्या माझ्या नावाच्या सर्व पार्ट टू ऑर्डरांच्या प्रती, भत्त्यांसह. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोग.

दादाच्या पाकिटातून अकरा पानं निघाली. सातव्या पानावर भत्त्याचा ऑर्डर होता, अटॅचमेंटची तारीख आणि भागासकट. मी तो मोठ्याने वाचला तेव्हा दादा उठून विहिरीवर गेला आणि बराच वेळ आला नाही.

त्या पानाची प्रत जोडून दुसरं पत्र गेलं आणि मग गाडी हलली.

इतकं करूनही नकार आला, तर तो लेखी घ्या. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत तिथे जाता येतं. आधी खात्याकडे दाद मागितली होती का, हे तिथे बघतात, म्हणून त्या पोचपावत्या. त्याहून जास्त मी सांगत नाही, तिथे वकील लागतो. मात्र "मेडल काढून देतो, पाच हजार द्या" म्हणणारा वकील नसतो.

पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांनी जरा घाई करा. त्यांची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, मागे फक्त लाँग रोल, म्हणजे नावांची नोंदवही उरते आणि त्यात थोडंच असतं. आणि नवरा गेल्यावर अर्ज करणाऱ्या वहिनींनी पहिल्यांदा आपलं नाव तपासावं. लग्नात आपल्याकडे नाव बदलतात, रेकॉर्डला कधी माहेरचं लागलेलं असतं, कधी सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची, असं ॲफिडेव्हिट पहिल्याच पत्राला जोडा.

स्टार आला तो ऐन पावसात, पोस्टमनने प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून आणला. पाकीट उघडल्यावर पहिलं काम म्हणजे त्यावर कोरलेला नंबर आणि नाव डिस्चार्ज बुकाशी ताडून बघणं. नंबर बरोबर होता. आडनावात एक अक्षर चुकलं होतं.

मी म्हटलं, "दादा, परत पत्र घालूया?"

"रवांदे आता," तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.