जुनी क्रूझर मोटारसायकल पहिल्यांदाच घेताना

जुनी क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची, आरामात चालवायची जड मोटारसायकल, बघायला गेलेला नवखा माणूस सर्वांत आधी मीटरवरचे किलोमीटर वाचतो. माझ्या मते त्याने त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ही गाडी गेल्या काही वर्षांत किती काळ नुसती उभी होती? वेळेवर ऑइल बदललेले, संथ फिरणारे मोठे व्ही-ट्विन (इंग्रजी व्हीच्या आकारात दोन सिलिंडर असलेले) इंजिन पन्नास-साठ हजार किलोमीटर झाल्यावरही ठणठणीत असू शकते. उलट जेमतेम आठ हजार चाललेली, पण चार-पाच वर्षे कापडाखाली झाकून ठेवलेली गाडी दिसायला नवीकोरी असली, तरी तिच्या टाकीत गंज, कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) चिकटा आणि सगळ्या रबरी भागांत कडकपणा शिरलेला असतो. क्रूझर बहुधा हौसेने घेतल्या जातात आणि हौस ओसरली की कोपऱ्यात जातात, म्हणून हा प्रश्न या गाड्यांना विशेष लागू पडतो.

गाडी बघायला जाण्यापूर्वी विक्रेत्याला स्पष्ट सांगावे की इंजिन थंडच राहू द्या. पोहोचल्यावर बोलणे सुरू होण्याआधी सिलिंडरच्या पात्यांवर हळूच हात ठेवून पाहावा. ती कोमट लागली तर गाडी आधीच चालू करून ठेवलेली आहे, आणि इंजिन थंड असताना सुरू होण्याचा त्रास आपल्यापासून लपवला जात असण्याची शक्यता आहे. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी गरम इंजिनावर भाळलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चोक ओढूनही सुरू होईना, आणि कार्ब्युरेटर उघडल्यावर दोन्ही पायलट जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) पूर्ण बुजलेले निघाले. थंड इंजिन चोकवर सुरू होऊन काही मिनिटांत चोक बंद करूनही एकसारखे फिरले पाहिजे. थंड हवेत सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ चालते, पण निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे असे समजावे.

टाकीचे झाकण उघडून आत टॉर्च मारावा. स्वच्छ पत्रा चकचकतो. तळाशी तपकिरी भुकटी दिसली किंवा पेट्रोलला जुन्या वार्निशसारखा आंबूस वास आला, तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही साफ करून घेण्याचा खर्च किमतीतून वजा धरावा.

नवख्याने गाडीच्या वजनाचा विचार मात्र शांतपणे करावा. क्रूझरची सीट साधारण सातशे मिलिमीटर उंचीवर असल्यामुळे दोन्ही पाय सहज टेकतात आणि मनाला धीर येतो, पण होंडा रेबेल २५० सारख्या छोट्या गाड्या सोडल्या तर साडेसातशे-आठशे सीसीच्या बऱ्याच गाड्या सव्वादोनशे ते अडीचशे किलोच्या घरात असतात. इंजिन बंद ठेवून गाडी साइड स्टँडवरून सरळ करा, पाच पावले मागे ढकला आणि हँडल पूर्ण वळवून पुन्हा स्टँडवर लावा. एवढ्यात दम लागला किंवा तोल जाऊ लागला, तर ती गाडी कितीही आवडली तरी पहिली गाडी म्हणून घेऊ नये. यामाहा व्हिरागो ५३५ किंवा एकाच सिलिंडरची सुझुकी सॅव्हेज ६५० यांसारख्या हलक्या गाड्या शिकायला मला जास्त योग्य वाटतात.

पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हलक्या बोटांनी फिरवावे. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडले, तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले आहे. ही खाच डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळते, आणि वेगात गाडी सरळ रेषेत न धावण्याचे ते एक कारण असते. फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या शॉकअपच्या, नळ्यांवर ऑइलचा ओलसर थर किंवा गंजाचे टिपके दिसले तर सील बदलावी लागतील. गंज लागलेल्या नळीवर नवे सीलही फार दिवस टिकत नाही.

टायरची नक्षी चांगली असली तरी त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाआधीचा आहे आणि त्यावर चाचणीची फेरीसुद्धा मारू नये. डॉट ४ सारखे नेहमीचे ब्रेकऑइल हवेतील ओलावा ओढते, म्हणून ते काळपट असेल तर सगळी ब्रेक यंत्रणाच दुर्लक्षित आहे असे धरावे. जुन्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांपैकी अनेकांत सिलिकॉनचे डॉट ५ हे वेगळ्या प्रकारचे ब्रेकऑइल असते. त्यात डॉट ४ मिसळायचे नसते, त्यामुळे झाकणावर काय लिहिले आहे ते बघूनच भर घालावी.

विजेची तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. बंद गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन थोडे रेस केल्यावर आकडा १४ च्या आसपास जायला हवा. तो तिथे पोहोचला नाही तर स्टेटर (इंजिनातला वीज तयार करणारा भाग) किंवा रेग्युलेटर (ती वीज आटोक्यात ठेवणारा भाग) तपासावा लागेल. नुसत्या नव्या बॅटरीने ते दुखणे जात नाही. जास्तीचे दिवे लावण्यासाठी टेपने जोडलेल्या वायरी आणि बदललेले मोकळे सायलेन्सर मला नेहमी खटकतात. सायलेन्सर बदलला पण कार्ब्युरेटरचे जेट बदलले नाहीत, तर इंजिन कमी पेट्रोलवर तापते आणि थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतो.

कागदपत्रांवरचे चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या ठशांशी अक्षर अन् अक्षर जुळवावेत. ठशाजवळ घासल्याच्या खुणा असतील तर सौदा तिथेच थांबवावा. त्या मॉडेलचे क्लच प्लेट, केबल, ब्रेक पॅड आणि गॅस्केट अजून मिळतात का, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्यावे.

गाडी ताब्यात आल्यावर इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेकऑइल, स्पार्क प्लग, पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि वय झालेले टायर लगेच बदलावेत, आणि त्यासाठीची रक्कम खरेदीच्या पैशांतून आधीच बाजूला ठेवावी. शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी दांड्याने मागचे चाक फिरवणारी रचना) असेल तर मागच्या गिअरचे ऑइलही विसरू नये. वर्षानुवर्षे त्याच्याकडे कुणी पाहिलेले नसते.