दोन फुटी टाकीसाठी घरचा एलईडी दिवा

आमच्या टाकीवर आधी पत्र्याचा हूड होता, आत २० वॅटची ट्यूब. तीन पावसाळ्यांत पत्रा गंजला, चोक गुणगुणायला लागला आणि एका संध्याकाळी माशांना खाऊ टाकताना हुडाला हात लागला तर बोटांत झिणझिण्या. बाबांनी आयुष्यभर वायरमनचं काम केलंय. त्यांनी प्लग उपसला आणि एवढंच म्हणाले, "हे आधी भंगारात दे." तयार एलईडी दिव्याची किंमत विचारली तर ती आमची टाकी, मासे आणि फिल्टर मिळून झालेल्या खर्चापेक्षा जास्त. मग घरीच केला. पहिला आठ महिन्यांत गेला. दुसरा अजून चालू आहे, तोच सांगते.

आधी हिशेब. टाकी ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटर, म्हणजे ५४ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करून पाणी पंचेचाळीसेक लिटर. अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया अशा काटक झाडांना लिटरमागे साधारण २० ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) पुरतात, म्हणजे ९००च्या आसपास. नुसते गप्पी-मोली असतील तर याच्या निम्म्यातही भागतं. उजेडाची हौस माशांना नसते, आपल्याला असते.

खरेदी पुण्याच्या तपकीर गल्लीतली. दुकानात 'अठ्ठावीस-पस्तीस' म्हटलं की कळतं: २८३५ चिपची पट्टी, मीटरला १२० एलईडी, १२ व्होल्ट, मीटरला ९.६ वॅट. नुसतं 'कूल व्हाइट' म्हणू नका, ६५०० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचा आकडा) सांगा. नाहीतर निळसर उजेडाची पट्टी गळ्यात मारतात आणि त्यात मासे आजारी दिसतात. पट्टी आयपी ६५ची, म्हणजे वरून पारदर्शक थर दिलेली घ्या. रंग बदलणारी आरजीबी पट्टी गणपतीच्या मखराला ठेवा.

५५ सेंटीमीटरच्या तीन ओळी केल्या. म्हणजे १.६५ मीटर, जवळपास १६ वॅट, १२ व्होल्टवर १.३ अँपिअर. त्याला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घेतला. दीड अँपिअरचाही चालला असता, पण काठोकाठ चालवलेला अडॅप्टर तापतो आणि लवकर मरतो. पट्टीवर जितके वॅट लिहिलेले असतात तितके खरे मिळतीलच असं नाही, म्हणूनही दोनऐवजी तीन ओळी.

पट्टी लाकडावर किंवा प्लास्टिकच्या केसिंग पट्टीवर चिकटवू नका. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडायला हवी, त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच लागतं. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे सेक्शनचे तुकडे पडलेले असतात. मला दोन इंच रुंद, दोन फूट लांब चॅनेल चहाच्या पैशांत मिळालं. कडा कानशीने घासून घ्या, मी घासल्या नव्हत्या आणि अंगठा कापून घेतला. पृष्ठभाग पॉलिश पेपरने हलका खरवडून थिनरने पुसा.

पट्टी हवी तिथे कापता येत नाही. दर तीन एलईडींनंतर, म्हणजे अडीच सेंटीमीटरवर, कात्रीची खूण असते, तिथेच कापा. ५५ सेंटीमीटरला बरोबर २२ तुकडे बसतात. टोकाचा थर ब्लेडने अलगद सोला, खाली तांब्याचे दोन पॅड दिसतील. २५ वॅटची सोल्डरिंग गन पुरते. आधी पॅडवर थोडं सोल्डर चढवा, मग वायरच्या टोकावर, मग दोन्ही टेकवून क्षणभर गरम करा. जास्त वेळ गन धरली तर पॅड पट्टीवरून उचकटतो आणि तेवढा तुकडा वाया जातो. तिन्ही ओळींना वेगवेगळ्या वायरी काढा. लाल सगळ्या एकत्र, काळ्या सगळ्या एकत्र. मग एक ओळ गेली तरी दोन जळत राहतात.

आता माझी चूक. पहिल्या दिव्यात सोल्डरचे सांधे टाकीच्याच सिलिकॉनने झाकले होते. सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते सिलिकॉन. काच जोडायला उत्तम, पण त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं. आठ महिन्यांनी एक ओळ लुकलुकायला लागली. थर सोलून पाहिलं तर पॅडच्या जागी हिरवी भुकटी. एलईडी सगळे शाबूत होते. सांध्यांवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉनच लावा, वास येत नाही ते. त्याचेच ठिपके पट्टीवरही दर दहा सेंटीमीटरवर द्या, कारण मागचा चिकट टेप वाफेने दोन महिन्यांत सुटतो.

सिलिकॉन चोवीस तास सुकू द्या. मग मल्टीमीटर बीपच्या खुणेवर ठेवून त्याची एक तार चॅनेलला, दुसरी आधी लाल वायरला, मग काळीला लावा. एकदाही बीप वाजता कामा नये. वाजली तर कुठेतरी सोल्डर अ‍ॅल्युमिनियमला टेकलंय. हे झालं की दिवा टाकीपासून लांब, टेबलावर तासभर जाळा आणि चॅनेलवर हात ठेवा. हात आरामात ठेवता आला पाहिजे.

टाकीवर आधी काच, तिच्यावर दिवा, मध्ये बोटभर फट. अडॅप्टर टाकीखालच्या कपाटात नको, बाजूच्या भिंतीवर उंच ठेवा. वायर सॉकेटकडे जाण्याआधी तिला सॉकेटच्या खालपर्यंत झोळ द्या, म्हणजे ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर दिव्याच्या आधी ते बसवून घ्या. आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा, फिल्टरचासुद्धा.

उजेड सुरुवातीला सहाच तास, टायमर लावून. दिवाळीत पाहुण्यांना दाखवायला आम्ही दिवसभर चालू ठेवला आणि भाऊबीजेपर्यंत पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं. आता संध्याकाळी चार ते अकरा. महिन्याला साडेतीन युनिटही लागत नाहीत. माझा सगळा खर्च साडेसहाशे रुपये झाला, त्यात उरलेली तीन मीटर पट्टी आईच्या ओट्यावर गेली.

एक मात्र करत राहावं लागतं. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे काचेवर महिन्याभरात क्षाराचे पांढरे डाग धरतात आणि खाली अंधारून येतं. पिळून उरलेली लिंबाची फोड त्यावर घासली की डाग निघतात. काच मात्र बेसिनमध्ये नेऊन घासा, लिंबू टाकीत नको.