छंदाचं पुराण आवरतं कसं घ्यावं

"घड्याळ छान आहे हं," समोरचे एवढंच म्हणाले होते. मी बॅलन्स व्हीलपासून सुरू होऊन वंगणाच्या प्रकारांपर्यंत पोचलो, तेव्हा ते दाराकडे बघत होते. घड्याळं, कॅमेरे, फाउंटन पेन, छंद कुठलाही असो, जडला की माणूस असाच सुटतो. मला उपयोगी पडलेला क्रम सांगतो.

आधी प्रश्न केवढा आहे ते बघा. "कुठला कॅमेरा घेऊ?" असं विचारणाऱ्याला बहुधा एक नाव आणि एक कारण हवं असतं. तेवढं देऊन गप्प बसा. "अच्छा" आणि "हो का" हे प्रश्न नव्हेत. ती सुटकेची धडपड असते.

पुढचा प्रश्न आलाच, तर आकडे जपून काढा. खरी गोम इथेच आहे. "माझ्या घड्याळाचं मशीन २८,८०० व्हीपीएचचं आहे" (म्हणजे तासाला तेवढे ठोके) हे ऐकून कुणाला काय कळणार? त्याऐवजी "सेकंदाला आठ ठोके पडतात, कानाला लावून बघा" म्हणा, माणूस स्वतःहून हात पुढे करतो. बॅटरीवरच्या घड्याळाची गंमत तर आणखी न्यारी. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हाच विचित्र आकडा का? तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक टिक. इथे थांबायचं. (मला अजूनही जमत नाही.)

मग परिभाषा गाळा. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. ओळखली गेली १२० पैकी ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोर पोचते नुसती टकटक. आपलं "बोके" (फोटोतली मागची धूसरता) आणि "व्हीपीएच" ही तसलीच टकटक. शब्द एका वाक्यात उलगडता येत नसेल तर तो वापरू नका.

आणि वाफ कोंडून ठेवू नका. त्याच छंदानं झपाटलेला एखादा मित्र धरा, त्याच्यापुढे मनसोक्त गुऱ्हाळ लावा. फक्त त्याच्याकडे जाताना घरच्यांना सोबत नेऊ नका.