बॅरलवर शेवटी या

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला माझं लेथचं दुकान आहे. मोटरपंपाचे शाफ्ट, फवारणी पंपाचे सुटे भाग, हंगामात वखराच्या पासा, यावर घर चालतं. त्याच्या जोडीला गेली नऊ वर्षं शाळांच्या आणि तालुक्याच्या नेमबाजी क्लबांच्या एअर रायफली दुरुस्त करतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं. तेव्हापासून आमच्याकडची पोट्टेही शाळेच्या मागच्या भिंतीला टार्गेट लावू लागली, आणि माझ्या बाकावर रायफली वाढल्या. आता आयटीआयची पोरं येऊन म्हणतात, "दादा, वाकलेली बॅरल, म्हणजे नळी, सरळ करायचं शिकवा." त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी कायद्याचं. 4.5 मिमीची, 20 ज्यूलच्या आत ताकद असलेली एअर रायफल ठेवायला परवाना लागत नाही. दारूगोळ्याच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. ती दुरुस्त करायला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली स्वतंत्र परवाना लागतो. तो तुमच्याकडे नसेल तर गावातल्या कुणाची लायसनवाली बंदूक, अगदी मामाची असली तरी, बाकावर घेऊ नका. आणि एअर रायफल घेऊन कुणी मोर-तितर मारायच्या गोष्टी करत आला तर त्याला तसाच परत पाठवा. मी पाठवतो.

मी टर्नर ट्रेडचा. दोन वर्षं आयटीआय, मग नागपूरला एका कारखान्यात अप्रेंटिस. सुटीच्या दिवशी तिथल्या एका जुन्या फिटरकाकांच्या घरी जायचो. ते क्लबच्या रायफली बघायचे. एकदा वैशाखात एक रायफल आली. गोळ्या कधी डावीकडे, कधी वर. काका बाहेर गेले होते. मी बॅरल लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि दाबली. माझ्या डोळ्याला ती वाकडी दिसत होती. काका आले, त्यांनी रायफल हातात घेतली, स्टॉकला, म्हणजे लाकडी दस्त्याला, अंगठा लावून हलवलं. कट्-कट् आवाज आला. उन्हाळ्यानं लाकूड आकसलं होतं, स्टॉकचे स्क्रू ढिले झाले होते. ते म्हणाले, "नळी कायले वाकवून राहिला बे? तिनं का केलं होतं तुले?" सरळ बॅरल मी वाकडी केली होती. ती पुन्हा लायनीत आणायला आम्हाला दोन रविवार लागले. त्या दिवसापासून माझा क्रम पक्का आहे: बॅरलवर शेवटी यायचं.

रायफल आली की पहिलं काम ती रिकामी आहे का बघणं. आणलेल्याचं ऐकायचं नाही, स्वतः ब्रीच (नळीचं मागचं, गोळी भरायचं तोंड) उघडून बघायचं. मग दोघांनी टेस्ट करायची, प्रत्येकी पाच-पाच पेलेट (शिशाच्या गोळ्या), दहा मीटरवर, वाळूच्या पिशवीवर हात आणि हातावर रायफल. स्प्रिंगची रायफल सरळ पिशवीवर ठेवू नका. तिला मागे-पुढे असे दोन्ही झटके बसतात, कडक टेकणावर ती उसळते आणि गोळी भलतीकडे जाते. मग तुम्ही नसलेला दोष शोधत बसता. दोघांच्या गोळ्या वेगवेगळ्या जागी गेल्या तर दोष नेम धरणाऱ्यात. एकाच जागी गेल्या तर रायफलीत.

आता कागद बघा. दहा मीटरच्या एअर रायफल टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो आणि एकेक रिंग अडीच मिलिमीटरची. म्हणजे एवढासा दोषही कागदावर लपत नाही. पाचही भोकं एकमेकांना चिकटून पण केंद्रापासून लांब असतील तर साइट (नेम धरायची खूण) सरकली असेल किंवा बॅरल लाइन आउट, म्हणजे वाकलेली, असेल. भोकं विखुरलेली असतील तर काहीतरी ढिलं आहे, पेलेट खराब आहेत, नाहीतर मुझलची, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाची, कड दुखावली आहे. वाकलेली बॅरल गोळ्या विखुरत नाही. ती सगळ्या गोळ्या एकाच चुकीच्या जागी नेते. ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली तर पुष्कळ रायफली वाचतील.

विखुरलेल्यांचं काम सोपं. स्टॉकचे स्क्रू, साइटचे स्क्रू, मग पिव्हट बोल्ट, ज्यावर बॅरल उघडते-मिटते. बॅरल बंद करून डावी-उजवी हलवून बघा, जराही खेळ असता कामा नये. ब्रीचचं सील चपटं किंवा चिरलेलं असेल तर बदला. पेलेट एकाच डब्यातले घ्या. 4.49, 4.50, 4.51 अशी त्यांच्या डोक्याची मापं येतात, आणि एका रायफलीला मानवणारं माप दुसरीला मानवेलच असं नाही.

मुझलसाठी आमच्या भागाचं हत्यार म्हणजे कापूस. बोंडातून काढलेला ताजा पुंजका दोन बोटांत धरायचा आणि मुझलच्या कडेवर आतून बाहेर हळूच फिरवायचा. कड स्वच्छ असेल तर पुंजका तसाच निघतो. कुठं बारीक बर (धातूचा उठलेला काटा) असेल तर तिथं एखादा तंतू अडकतो, उजेडात धरला की चमकतो. ती जागा पेन्सिलीनं टिपून ठेवायची. डोळ्याला न दिसणारी बर मला कापसानं कितीदा दाखवली आहे.

आता खरी वाकलेली बॅरल. मागच्या वर्षी एका शाळेची रायफल आली. नववीतली मुलगी रोज सराव करणारी, आणि तिची गोळी एकदम वर जायला लागली. सर म्हणाले, साइट खराब झाली. मी तिला विचारलं, "बेटा, रायफल कुणी उघडी असताना ट्रिगर दाबला होता का?" ती गप्प राहिली, मग म्हणाली, "लहान भावानं दाबला होता, दादा. मी सांगितलं नव्हतं, रागावले असते." मोडणीच्या, म्हणजे बॅरल खाली वळवून भरायच्या, रायफलीत हेच होतं. बॅरल खाली उघडी, स्प्रिंग ताणलेली, ट्रिगर दाबला की बॅरल जोरात वर आपटते आणि ब्लॉकच्या (बॅरल ज्यात बसवलेली असते त्या ठोकळ्याच्या) पुढं वरच्या बाजूला वाकते. हात मध्ये असेल तर बोटंही जातात. त्या पोराचं नशीब.

यातली गंमत समजून घ्या, कारण इथंच नवखे फसतात. मुझल 2 मिमी वर उचललेली होती, बॅरल 400 मिमी लांब. म्हणजे बॅरलचं तोंड दहा मीटरवर 50 मिमी वर बघत होतं. पण पुढची साइट मुझलवरच असते, तीही वर गेली. नेम धरणारा तिला रांगेत आणायला रायफल खाली करतो, आणि बराचसा दोष झाकला जातो. मागची साइट ब्लॉकवर असताना गोळी 3-4 मिमीच वर जात होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग शाळेनं स्पर्धेसाठी मागं रिसीव्हरवर (स्प्रिंगच्या नळकांड्यावर) पीप, म्हणजे बारीक भोकाची मागची साइट, बसवली. दोन साइटमधलं अंतर वाढलं, दोष झाकला जाणं कमी झालं, आणि तीच रायफल 20 मिमीच्या वर मारू लागली. दोष पीपचा नव्हता, पीपनं तो उघडा पाडला होता.

पीप खाली घेऊन भागत असेल तर मी बॅरलला हात लावत नाही. ग्रुप (पाच भोकांचा पुंजका) घट्ट आहे, साइट फिरवा, खेळू द्या. इथं पीप तळाला टेकली तरी गोळी वरच होती.

स्टॉक काढला, पिव्हट काढला, कॉकिंगचा (स्प्रिंग ताणायचा) दांडा सोडवून बॅरल वेगळी केली. स्प्रिंगच्या नळकांड्याला हात लावायचा नाही, ते वेगळं आणि धोक्याचं काम आहे. मग वेगळी झालेली बॅरल उजेडाकडं धरली आणि आतून दुकानाच्या शटरच्या खालच्या कडेची सावली बघितली. सरळ बॅरलमध्ये ती सावली ताणलेल्या दोऱ्यासारखी पडते. इथं ब्लॉकपासून बोटभर पुढं तिला स्पष्ट मोड दिसत होता. वाकलेली नेमकी जागा अशी सापडते. जागा चुकवून दाबलं तर एका वाकाचे दोन होतात.

सागाचे दोन ठोकळे, वर तांब्याची पट्टी, आणि हँडप्रेस. गॅस लावून तापवायचं नाव काढू नका. पॉलिश जातं, पोलादाचा गुण बदलतो. थंडच दाबायचं. पोलाद परत येतं, म्हणून सरळच्या थोडं पुढं न्यावं लागतं. पण किती पुढं हे प्रत्येक बॅरल स्वतः सांगते. थोडं दाबायचं, सोडायचं, डायल गेज (काट्याचं बारीक मापक) लावायचा, वहीत लिहायचं. पहिल्या तीन दाबांत काटा जागचा हलला नाही. चौथ्याला 0.15 मिमी उतरला. त्यानंतर मी दाब अगदी केसभर वाढवत गेलो. दुपारी सुरू केलं, दिवेलागणीला 0.1 मिमी उरलं आणि मी थांबलो. त्या शेवटच्या दशांशाच्या मागं लागून बॅरल उलटीकडं घालवलेली मी पाहिली आहे. एवढं पीप भरून काढते.

जोडल्यावर पिव्हटचे वायसर बघितले, त्या आपटण्यानं एक दबला होता, तो बदलला. मुलीलाच बोलावून टेस्ट केली. वीस पेलेट, चारही ग्रुप एकाच जागी, पीप जवळपास मधोमध. शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुवायला लावलं, ते दर वेळी लावतो.

रायफल देण्याआधी मी प्रत्येक स्क्रूवरून लाकडापर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढतो. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते, शाळेच्या सरांनाही ती कळते. दिवाळीनंतर ती रायफल सर्व्हिसिंगला परत आली. तीन रेघा अखंड होत्या. ट्रिगरगार्डजवळची चौथी पाव इंच सरकलेली होती. मी तो स्क्रू कसला, नवी रेघ ओढली आणि वहीत तारीख टाकली.