मुलाखतीच्या आदल्या रात्री: क्लास, धिस आणि एररचा माग

नवी मुंबईत ऐरोली किंवा महापेच्या एखाद्या कंपनीत जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेची मुलाखत असेल, तर आदल्या रात्री व्याख्या पाठ करत बसू नका. रिकामी फाइल उघडा, एक लहानसा क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) लिहा आणि तो मुद्दाम मोडा. क्लास भाषेत २०१५ साली आला, पण आतलं काम अजूनही प्रोटोटाइपच (ज्याच्याकडून बाकीच्या ऑब्जेक्टना फंक्शन मिळतात ते सामायिक ऑब्जेक्ट) करतो. मेथड (क्लासमधलं फंक्शन) प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये नसते, प्रोटोटाइपवर एकदाच असते, हे कन्सोलमध्ये स्वतः बघून घ्या. वारसा घेतलेल्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) सुपरच्या, म्हणजे मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर बोलावण्याच्या, आधी धिस (मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालते ते) वापरा. रेफरन्स-एरर येईल, त्याचा मजकूर नीट वाचा.

सगळ्यात जास्त वेळ धिसला द्या. मेथड व्हेरिएबलमध्ये काढून नुसती बोलावली की धिस अनडिफाइन्ड होतो, कारण क्लासच्या आतला कोड कायम स्ट्रिक्ट मोडमध्ये (भाषेच्या कडक नियमांखाली) चालतो. तीच मेथड क्लिकवर चालावी म्हणून ॲड-इव्हेंट-लिसनरने बटणाला जोडली, तर धिस म्हणजे ते बटण. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण लगेच एरर येईलच असं नाही. चुकीची किंमत गुपचूप पुढे जाते. उपाय दोन: बाइंड (मेथडला धिस कायमचा बांधून देणं) किंवा ॲरो फंक्शनची (ज्याला स्वतःचा धिस नसतो) फील्ड. ॲरोची प्रत मात्र प्रत्येक ऑब्जेक्टमागे वेगळी तयार होते, हेही सांगता आलं पाहिजे.

मग स्वतःचा एरर क्लास लिहा, त्याला नाव द्या. पकडलेल्या एररऐवजी नवा फेकताना मूळ एरर नव्याच्या कॉज या फील्डमध्ये जोडा. ही सोय २०२२ पासून भाषेच्या अधिकृत मानकात आहे आणि ती न वापरणं म्हणजे पुढच्या माणसाचा माग पुसणं. स्टॅक ट्रेस (एररपर्यंत पोहोचलेल्या कॉलची यादी) मोठ्याने वाचायचा सराव करा. सगळ्यात वर एररचा प्रकार आणि संदेश, त्याखाली सर्वांत अलीकडचा कॉल. लायब्ररीच्या ओळी सोडून आपल्या फाइलची पहिली ओळ शोधा. क्रोम आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) मुळात १० च फ्रेम, म्हणजे यादीतले कॉल, दाखवतात. ही मर्यादा स्टॅक-ट्रेस-लिमिटने वाढवता येते.

लॅपटॉपचा चार्जर आणि रेझ्युमेची प्रत आताच बॅगेत टाका. महापेला स्टेशन नाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोलीला उतरून रिक्षा करा.

झोपण्यापूर्वी ट्राय-कॅचमधल्या (एरर पकडायची रचना) असिंक, म्हणजे निकाल नंतर देणाऱ्या, कॉलचा अवेट (निकालाची वाट पाहायला लावणारा शब्द) काढून बघा. प्रॉमिस (नंतर येणाऱ्या निकालाचं ऑब्जेक्ट) नाकारलं गेलं, म्हणजे काम फसलं, तरी कॅच कोरडाच राहतो, आणि नोड १५ पासून अशा न पकडलेल्या नकारावर प्रोसेसच बंद पडते.