भोगी झाली म्हणून पावटा उपटू नका

भोगीची भाजी झाली, शेंगांचा दर उतरला, की कोल्हापूर जिल्ह्यात करवीर-हातकणंगल्याकडं बांधावरचा पावटा थेट जनावरांपुढं पडतो. वेल हिरवागार असतो, मुळं कामाची असतात, तरी उपटतात. जरा लक्ष दिलं तर त्याच वेलाला फेब्रुवारी-मार्चात दुसरा बहर येतो. पहिल्याएवढ्या शेंगा मिळत नाहीत, पण बियाणं, मशागत, मांडव यांचा खर्चही पुन्हा होत नाही. वरणा, वालघेवडा यांनाही हेच लागू.

आधी वेल पारखून घ्या. पानं पिवळी-हिरवी चट्ट्यांची, आकसलेली दिसली तर तो वेल राखूच नका. तो विषाणूचा रोग आहे, मावा, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडी तो शेजारच्या वेलावर नेतात. असा वेल मुळासकट काढून लांब पुरा.

छाटणीत आपल्याकडं एक गल्लत हमखास होते. उसाचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून घेतलेलं पुढचं पीक) जमिनीलगत तासायची सवय, म्हणून पावट्यालाही तसाच विळा लागतो. उसाचे डोळे जमिनीखाली असतात; पावट्याची फूट पानांच्या बगलेतून, वरच्या खोडावर येते. बुडातून कापला तर बहुतेक वेल वाळतो. थंड मुलखातल्या बाकल्याला बुंध्यातून नवे फुटवे येतात, म्हणून तो खाली छाटलेला चालतो, पावटा नाही. किमान दीड वीत खोड आणि त्यावर थोडी हिरवी पानं ठेवाच. मांडवावरच्या वेलाचं मुख्य खोड अजिबात तोडू नका, वाळके शेंडे आणि जुन्या फांद्या तेवढ्या काढा.

शेंगा तोडायची पद्धतही बघा. घाईत हिसका दिला की फुलोऱ्याचा अख्खा दांडा हातात येतो. त्या दांड्याच्या टोकाला मिरीएवढ्या कळ्या असतात, त्या पुढच्या शेंगा आहेत. एका हातानं दांडा धरा, दुसऱ्या हातानं शेंग देठाशी मोडा. आणि वेलावर शेंग वाळू देऊ नका. दाणा पक्व व्हायला लागला की वेल नवी फुलं धरायचं कमी करतो. बी धरायचं असेल तर त्यासाठी चांगले, निरोगी वेल वेगळे राखा.

छाटणीनंतर बुडाशी कुजलेलं शेणखत टाकून हलकं पाणी द्या, पुढचं पाणी वाफसा बघून, म्हणजे माती चिखल नाही आणि कोरडीही नाही अशी झाल्यावर. युरिया टाकू नका, नुसता पाला माजतो. कळ्या दिसल्या की डीएपी खताची २ टक्के फवारणी करा. १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, रात्रभर भिजवून, वरची निवळी गाळून घ्या.

कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतोच. थोडा असेल तर शेंडा खुडून टाका, वाढला तर संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. शेंगा दर चार-पाच दिवसांनी घरात आणि बाजारात जाणार, तेव्हा रासायनिक औषधाचा विचार करण्याआधी डब्यावरचा काढणीपूर्व काळ, म्हणजे फवारणीनंतर किती दिवस शेंगा तोडायच्या नाहीत ते, वाचा.

हे सगळं संक्रांतीनंतर लगेच उरका. गावरान पावटा लहान दिवसांत फुलतो, दिवस मोठा होत गेला की पाला धरतो, आणि मार्चच्या उन्हात फुलं गळतात.

ऊसतोड झाल्यावर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवू नका, बांधावरचे वेल त्या झळीनं होरपळतात. तेच पाचट वेलाच्या बुडाशी पसरा, ओल टिकते. बहर संपला की वेल कापून जनावरांना घाला, मुळं मात्र जमिनीतच राहू द्या. त्यांच्या गाठींतलं नत्र पुढच्या पिकाला मिळतं.